घरात गरीब गाय, रस्त्यावर वाघ: पट्ट्यावर चिडणाऱ्या कुत्र्यांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बुंदी आमची गावठी कुत्री. नाशिकच्या पाथर्डी फाट्याला एका बांधकामावर वाळूच्या ढिगात सापडली तेव्हा जेमतेम दोन महिन्यांची होती, आता आठ वर्षांची आहे. मधली तीन वर्षं अशी गेली की तिला घेऊन जिना उतरताना माझ्याच पोटात गोळा यायचा. समोरून दुसरं कुत्रं, सायकलवरचं पोर किंवा घंटागाडी दिसली की ही मागच्या दोन पायांवर उभी राहायची आणि सगळं इंदिरानगर जागं करायची. आज ती बऱ्यापैकी शहाण्यासारखी चालते. लोक ते बघून थांबतात आणि विचारतात. तेच ते प्रश्न येतात, म्हणून उत्तरं एकदाची लिहून ठेवली. मी पशुवैद्य नाही. चुकत माकत शिकलेली कुत्रेवाली आहे.

आमचा कुत्रा घरात पाहुण्यांच्या मांडीवर बसतो. पट्टा लावून बाहेर काढला की अंगावर धावतो. असं का?

दोन अनोळखी मोकळी कुत्री एकमेकांना भेटताना नीट बघा. ती सहसा नाकासमोर चालत येत नाहीत. लांबूनच अर्धगोल वळण घेतात, मध्येच थांबून जमीन हुंगतात, मान फिरवतात, मग बाजूनं जवळ येतात. नको वाटलं तर निघून जातात. आपण काय करतो? चार फुटांच्या पट्ट्याला बांधून त्याला फुटपाथवरून सरळ समोरच्याच्या तोंडावर नेतो. कुत्र्यांच्या रीतीभातीत हा उद्धटपणा झाला. वळायची सोय नाही, पळायची तर नाहीच. मग हातात उरतो तो आरडाओरडा.

आणि आरडाओरडा दरवेळी लागू पडतो! कुत्रा भुंकला, समोरचा गेला. समोरचा आपल्या वाटेनं जाणारच होता, पण हे त्या बिचाऱ्याला कुठं ठाऊक? त्याच्या हिशेबात आपण भुंकलो म्हणून संकट टळलं. म्हणून ही खोड नुसतं वय वाढलं की जात नाही, उलट मुरत जाते.

त्यात आपली भर. दुरून कुत्रं दिसलं रे दिसलं की आपण पट्टा मनगटाला दोन वेढे गुंडाळतो आणि श्वास रोखून धरतो. पट्टा ताणला गेला की कुत्र्याला कळतं, आता काहीतरी येतंय.

हा राग आहे की भीती?

बहुतेक वेळा भीती. खरा चवताळलेला कुत्रा फारसा आवाज करत नाही. दुसरा प्रकार उतावळ्यांचा: त्यांना समोरच्या कुत्र्याशी खेळायचंच असतं, पट्टा आड येतो आणि मग चडफड सुरू होते. लॅब्रेडॉर, गोल्डनमध्ये हे बरंच दिसतं. घाबरलेला कुत्रा समोरचा गेला की सुटकेचा श्वास टाकतो, अंग झटकतो. उतावळा समोरचा गेल्यावर जास्तच रडतो. उपाय दोघांना जवळजवळ एकच लागतो, म्हणून निदानावर फार डोकं खपवू नका.

भुंकायच्या आधी काही कळतं का?

कळतं, पण आपण तेव्हा मोबाईलमध्ये असतो.

बुंदीचं सांगते. कृषीनगरच्या बाजूला एक बाई पांढरं पॉमेरेनियन घेऊन यायच्या. ते शंभर पावलांवर असताना बुंदी फक्त कान टवकारायची. साठ-सत्तर पावलांवर तोंड मिटायचं. आतापर्यंत हा हा करत बाहेर लोंबणारी जीभ आत जायची आणि जबडा घट्ट व्हायचा. चाळीसवर एकदा ओठ चाटायची, समोर खायला काही नसताना. मग पुढचा एक पाय हवेत थांबायचा. शेपटी ताठ, मानेपासून पाठीवरचे केस ब्रशसारखे उभे. यानंतर मी तिच्या तोंडासमोर चिकनचा तुकडा धरला तरी तिला तो दिसायचा नाही. पुढे काय व्हायचं ते सगळ्या कॉलनीला ठाऊक होतं.

तोंड मिटलं की वळायचं, हे मला शिकायला दीड वर्ष लागलं. केस उभे राहिल्यावर हालचाल करण्यात अर्थ नसतो, गाडी सुटलेली असते.

मग नेमकं करायचं काय?

सगळं अंतरावर आहे. प्रत्येक कुत्र्याची एक हद्द असते. त्या हद्दीपलीकडे ट्रिगर (म्हणजे ज्याला बघून कुत्रा चिडतो ते) असला तर कुत्रा त्याला बघतो, पण खातो, ऐकतो, आपल्याकडे वळून पाहतो. हद्दीच्या आत आला की डोकं बंद. शिकवणं फक्त हद्दीबाहेर होतं. पहिले आठ-दहा दिवस काहीही शिकवू नका, फक्त आपल्या कुत्र्याची हद्द किती पावलांची आहे ते मोजा. दुसऱ्या कुत्र्यासाठी वेगळी, सायकलसाठी वेगळी, टोपी घातलेल्या माणसासाठी वेगळी निघेल.

मग काम सुरू. हद्दीबाहेर उभे राहा. कुत्र्याने ट्रिगर पाहिला की लगेच खाऊ द्या. ट्रिगर दिसतोय तोवर एकामागून एक बारीक तुकडे चालू ठेवा. तो दिसेनासा झाला की खाऊ बंद. बस, एवढंच. बसवायचं नाही, पंजा मागायचा नाही. घंटा वाजली की कुत्र्याच्या तोंडाला पाणी सुटतं, हे पावलोव्हचं तत्त्व शाळेत शिकलोय ना, तेच इथे वापरायचं. दुसरं कुत्रं दिसणं ही चिकन येणार असल्याची घंटा झाली पाहिजे.

इथे क्रम फार महत्त्वाचा आहे, आणि नव्वद टक्के लोक (मीसुद्धा) इथेच चुकतात. आधी ट्रिगर, नंतर खाऊ. आपण घाबरून समोरचं कुत्रं दिसायच्या आधीच पिशवीत हात घालतो. आठवड्याभरात कुत्रा शिकतो की पिशवी कुरकुरली म्हणजे संकट आलं. बुंदी प्लास्टिकच्या पिशवीच्या आवाजाने दचकून इकडेतिकडे बघायला लागली होती, तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. तेव्हापासून तुकडे कमरेच्या कापडी बटव्यात.

काही आठवड्यांनी एक दिवस असा येतो की कुत्रा ट्रिगरकडे बघतो आणि आपणहून तुमच्याकडे वळतो, ‘चला, काढा’ अशा नजरेनं. त्या दिवशी अंतर दोन-चार पावलांनी कमी करा. दहानं नाही.

आणि अचानक कोपऱ्यावरून समोर आलंच तर?

त्यासाठी दोन गोष्टी आधीच घरात पाठ करून घ्या. पहिली, ‘वळूया’ म्हटलं की गर्रकन मागे फिरणं. हॉलमध्ये, गच्चीवर, पार्किंगमध्ये रोज दहा वेळा हसतखेळत करा, प्रत्येक वेळी वळल्यावर खाऊ. रस्त्यावर तो शब्द पहिल्यांदा किंचाळून म्हणाल तर काही उपयोग नाही. दुसरी, ‘शोध’ म्हणून मूठभर खाऊ गवतात टाकणं. नाक खाली गेलं की डोळे समोरून हटतात, आणि हुंगण्याने कुत्रा शांतही होतो.

उभ्या केलेल्या गाडीचा आडोसा हा तर शहरातला सगळ्यात मोठा मित्र. दोन गाड्यांच्या मध्ये शिरा, समोरचं जाऊ द्या, बाहेर या. लोक बघतात, बघू देत.

भुंकत असताना खाऊ दिला तर भुंकायचं बक्षीस दिल्यासारखं होत नाही का?

भीती बक्षिसानं वाढत नाही. कडाडणाऱ्या विजेला घाबरणाऱ्या पोराला जवळ घेतलं म्हणून ते मुद्दाम जास्त घाबरतं का?

आमच्या घरात मांसाहार चालत नाही. खाऊ काय द्यायचा?

पनीर, बिनमिठाचं. हरभऱ्याच्या दाण्याएवढे तुकडे पुरतात. आकारापेक्षा संख्या महत्त्वाची. अंडं चालत असेल तर उकडून. बिस्किटं घरात ठीक आहेत, रस्त्यावर मात्र भारी काहीतरी लागतं. कष्टाच्या कामाला चांगली मजुरी. त्या प्रमाणात जेवण कमी करा, नाहीतर सहा महिन्यांत कुत्रा शांत होईल आणि गोल होईल.

नाशिककरांसाठी खास इशारा: द्राक्षं आणि बेदाणे कुत्र्यांना विषारी आहेत, मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. हंगामात घराघरात क्रेट येतात आणि पोरं कौतुकानं भरवतात. ते थांबवा. कांदा, लसूण, चॉकलेट हेही नको.

तुम्ही म्हणता अंतर ठेवा. आमची गल्ली आठ फुटांची आहे. अंतर आणू कुठून?

हा खरा प्रश्न. परदेशी व्हिडिओंमध्ये ट्रेनर मोठ्या हिरव्या मैदानात उभा असतो. भद्रकालीत, सराफ बाजारात किंवा सिडकोच्या जुन्या लाइनींत राहणाऱ्याने काय करायचं? तिथे दार उघडलं की समोरच्याचं दार.

जागा मिळत नसेल तर वेळ बदला. सकाळी साडेपाच ते आठ ही माणसांची आणि त्यांच्या कुत्र्यांची वेळ. गोल्फ क्लब मैदान, जॉगिंग ट्रॅक, पांडवलेणीचा पायथा या वेळी टाळाच. रात्री साडेदहानंतर तेच रस्ते तुमचे असतात. दुपारीही रिकामे असतात म्हणून एप्रिल-मेमध्ये बाहेर काढू नका; डांबरावर आपल्या हाताची पालथी बाजू ठेवून बघा, पाच-सात सेकंद टेकवता आली नाही तर कुत्र्याचे पंजे भाजतील.

आठवड्यातून दोन-तीन दिवस गाडीत घालून मोकळ्या जागी न्या. पाथर्डी फाट्याच्या पुढे, म्हसरूळ-मखमलाबादकडे नवीन लेआउट पडलेत: रुंद रस्ते, दिव्याचे खांब, घरं मात्र चार. शिकवायला याहून चांगली जागा नाही; समोरून येणारा दोनशे पावलांवरून दिसतो. देवळाली कॅम्पातले झाडांचे रस्तेही शांत आहेत. सोमेश्वरच्या पुढे गंगापूर धरणाकडे जायला छान वाटतं, पण शनिवार-रविवार नको. रामकुंड, पंचवटी, तपोवन या भागात चिडणाऱ्या कुत्र्याला नेऊच नका: गाई, कबुतरं, भाविक, घंटा, सगळं एकाच वेळी. आणि २०२७ च्या सिंहस्थाची गर्दी सुरू झाली की नेहमीचे रस्तेही तुमचे राहणार नाहीत, तेव्हा पर्यायी वाट आत्ताच शोधून ठेवा.

एक सांभाळा. मळे, ऊस, नाल्याकाठचं रान असेल तिथे उजाडल्याशिवाय आणि अंधार पडल्यावर जाऊ नका. नाशिकला बिबट्या ही बातमी राहिलेली नाही, आणि कुत्रं हे त्याचं आवडतं भक्ष्य आहे.

आमच्या कुत्र्याचं ठीक आहे हो, पण गल्लीतली चार कुत्री एकदम अंगावर येतात. त्यांचं काय?

आधी त्यांची बाजू समजून घ्या. त्यांच्या लेखी तुम्ही रोज एक परका कुत्रा त्यांच्या घरातून मिरवत नेता. त्यांची हद्द साधारण ठरलेली असते, अमुक खांबापासून तमुक टपरीपर्यंत. ती ओलांडली की ती आपोआप थांबतात. आठवडाभर निरीक्षण करून तो नकाशा डोक्यात बसवा आणि शक्यतो कडेनं जा.

पळू नका. पळणाऱ्याचा पाठलाग होतोच. आपला कुत्रा मागे, आपण मध्ये, तोंड त्यांच्याकडे ठेवून तिरपं तिरपं सरकत निघा. घोगऱ्या आवाजात ‘हाड!’ म्हणा, महाराष्ट्रातल्या प्रत्येक गल्लीतल्या कुत्र्याला हा शब्द कळतो. नुसतं दगड उचलायला वाकल्यासारखं केलं तरी बरीचशी मागे हटतात. फेकायची गरज नसते, फेकूही नका. तुमचा स्वतःचा गावठी असेल तर तोही त्या वाकण्याला घाबरेल, हे ध्यानात ठेवा. छत्री झटकन उघडणं हा पावसाळ्यातला उत्तम उपाय. छोट्या जातीचा कुत्रा उचलायचा असेल तर ती लांब असतानाच उचला. ती जवळ आल्यावर उचलला तर ती तुमच्या अंगावर उड्या मारतात.

कायमचा उपाय म्हणजे ओळख. तुमचा कुत्रा घरी ठेवून एकटे जा, रोज ठरावीक ठिकाणी दोन पोळ्यांचे तुकडे द्या. आमच्या कोपऱ्यावरचा लंगडा भुऱ्या पंधरा दिवसांत असा फितला की पुढे बुंदीला बघून फक्त शेपटी हलवायचा. कान पाहा: कानाच्या टोकाला छोटी खाच असेल तर त्या कुत्र्याची नसबंदी झालेली आहे. खाच नसलेली बरीच दिसली तर महापालिकेकडे तक्रार करा. २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांनुसार नसबंदी आणि लसीकरण करून कुत्र्याला त्याच जागी परत सोडायचं असतं. ‘उचलून लांब सोडा’ अशी मागणी करू नका. मोकळ्या जागेत आठवड्यात दुसरी येतात, आणि ती अनोळखी असतात.

चोक चेन लावली की लगेच सरळ होतो म्हणतात.

होतो. मीही लावली होती. एका ट्रेनरनं आठ दिवसांत ‘रिझल्ट’ देतो म्हणून सांगितलं, पैसे आगाऊ घेतले, आणि दुसरं कुत्रं दिसलं की साखळीला झटका द्यायला शिकवलं. बुंदी खरंच गप्प झाली. मला वाटलं सुटलो. तिसऱ्या आठवड्यात शेजारच्या बीगलला तिनं एक आवाज न काढता कानाला धरलं.

झालं होतं एवढंच: कुत्रं दिसलं की गळा आवळतो, हे ती शिकली. म्हणजे कुत्र्यांची भीती दुप्पट, आणि गुरगुरण्याची मनाई. गुरगुरणं ही धोक्याची घंटा असते. घंटा काढून टाकली म्हणून आग विझत नाही. ओरडणं, नाकावर चापट मारणं, काट्यांची कॉलर, सगळ्याची तीच गत.

छातीवर इंग्रजी वाय आकारात बसणारा, खांदे मोकळे ठेवणारा हार्नेस घ्या. ओढणारा कुत्रा असेल तर छातीवर पुढे कडी असलेला. पट्टा साधा, सहा फुटी, कापडी. बटण दाबून लांब होणारा दोरीचा पट्टा रस्त्यावर नको. हात कापतो आणि ऐनवेळी सुटतो.

मझल लावणं क्रूर नाही का?

बैलाला मुसकं घालतात तसलं डोळ्यांसमोर आणू नका. जाळीची, टोपलीसारखी मझल घ्या. तिच्यात कुत्र्याला तोंड उघडून धापा टाकता येतात, पाणी पिता येतं, खाऊही आत सरकवता येतो. तोंड आवळून बंद करणारी कापडी मझल फिरायला कधीच नाही. कुत्रा मुख्यतः धापा टाकून अंग गार ठेवतो. आधी दोन आठवडे घरात मझलच्या आत खाऊ ठेवून सवय लावा. एक अनपेक्षित फायदा असा की मझल बघून लोक आपणहून रस्ता बदलतात. अंतर फुकट मिळतं.

कुत्रा चार वर्षं ठीक होता, दोन महिन्यांत एकदम चिडका झाला.

ट्रेनर नाही, आधी डॉक्टर. अचानक बदललेल्या स्वभावामागे दुखणं निघतं: कानाचा संसर्ग, दात, मोठ्या जातींत कंबरेचा सांधा, पावसाळ्यानंतर गोचिडांचा ताप, थायरॉइड. दुखत असलेल्या कुत्र्याला चिकन देऊन काही साधत नाही.

नसबंदी केली की थांबेल का?

नसबंदी इतर कारणांसाठी जरूर करा. भीतीपोटी भुंकणारा कुत्रा त्यानं बदलेल, अशी आशा धरू नका.

गणपतीत आणि दिवाळीत केलेली मेहनत पाण्यात जाते.

जाते, कारण ताण साठत जातो. सकाळी घंटागाडी, मग गेटवर डिलिव्हरीवाला, दुपारी कुणी फटाका लावला. प्रत्येक गोष्ट एकेकटी सोसली असती, पण संध्याकाळी मांजर आडवं गेलं आणि स्फोट झाला. आपण म्हणतो, ‘मांजराला तर कधीच भुंकत नाही!’ मांजराचा दोष नसतो, भांडं काठोकाठ भरलेलं असतं. ते रिकामं व्हायला कधी अख्खा दिवस लागतो, कधी दोन.

नाशिकचा ढोल म्हणजे छातीत घुमणारा आवाज, आणि पथकांच्या तालमी गणपतीच्या महिना-दीड महिना आधीच सुरू होतात. त्या दिवसांत शिकवणी बंद ठेवा. मैदानाजवळ राहत असाल तर तालमीच्या वेळेआधी फिरवून आणा. आपल्याकडे रंगपंचमीला रहाडी (रंगाच्या पाण्याचे जुने हौद) उघडतात तेव्हा जुन्या नाशकात कुत्र्याला घेऊन कुणी बाहेर पडत नसेल अशी आशा आहे.

वाईट दिवसानंतर दुसऱ्या दिवशी फिरणं टाळलं तरी चालतं. सकाळी शू-शी उरकून परत, बाकी घरात: जुन्या टॉवेलमध्ये दाणे गुंडाळून द्या, खोक्यात चिंध्या टाकून खाऊ लपवा. वीस मिनिटं नाक चालवलेला कुत्रा छान झोपतो. ‘फिरवलं नाही तर पाप लागेल’ असं काही नाही.

चावलाच तर?

जखम लगेच वाहत्या पाण्याखाली साबणानं १५ मिनिटं धुवा. घड्याळ लावून, १५ मिनिटं वाटतात त्यापेक्षा बरीच लांब असतात. हळद, तिखट, चुना काही लावू नका. त्याच दिवशी दवाखान्यात जा, कुत्र्याचं लसीकरणाचं कार्ड सोबत न्या, आणि डॉक्टर सांगतील ते रेबीजचे सगळे डोस पूर्ण करा. रक्त आलं असेल तर इम्युनोग्लोब्युलिनबद्दल (रेबीजविरोधी तयार प्रतिपिंडांच्या इंजेक्शनबद्दल) विचारा. कुत्र्याची वार्षिक लस एक दिवसही मागे पडू देऊ नका. प्राणी सांभाळताना निष्काळजीपणा केला तर भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ खाली मालकावर गुन्हा होऊ शकतो, आणि माझ्या मते तो व्हायलाच हवा.

किती दिवसांत फरक पडेल?

नीट केलं तर पहिला फरक दोन-तीन महिन्यांत दिसावा. ‘पूर्ण बरा’ हा शब्द मी वापरत नाही. बुंदीची हद्द शंभर पावलांवरून बारा पावलांवर आली आणि तिथेच थांबली. बारा पावलं मला पुरतात. घरातला दुसरा कुणी, बहुतेक बाबा, ‘एवढं काय त्यात’ म्हणून साखळी ओढत नेत असेल तर मात्र महिने मोजू नका.

समोरून कुणीतरी ‘आमचा फार फ्रेंडली आहे हो!’ म्हणत आपलं कुत्रं घेऊन येतच राहतं. काय बोलायचं?

‘आमची चावते’ म्हटलं तर लोक हसतात आणि पुढे येतात. ‘ट्रेनिंग चालू आहे’ म्हटलं तर सल्ला द्यायला थांबतात. मी सरळ हात वर करून सांगते, ‘दादा, हिला खरूज झालीये, लागट आहे!’

माणूस जागच्या जागी वळतो. आमच्या कॉलनीत बुंदीला गेली पाच वर्षं खरूज आहे.